प्रत घ्यायची राहिली

"फोन द्या."

रिपोर्ट टाइप करणारी तिची बोटं थांबली नाहीत. मान वर न करता ती म्हणाली, "आणि पर्स नको का?"

मग तिने वर पाहिलं. एक उंच, जरासा पोक काढून उभा राहिलेला माणूस. गळ्यात तात्पुरतं ओळखपत्र, हातात नावांची यादी, आणि दोन्ही कान लालभडक.

"नाही, म्हणजे... वरून सांगितलंय," तो म्हणाला. "यापुढे सगळे रिपोर्ट कुलूपबंद मेलने जाणार. ते प्रत्येकाच्या फोनवर बसवायचंय."

"ओळख ना पाळख, फोन द्या म्हणे."

"यादीत तुमचा सातवा नंबर आहे. आधीच्या सहाजणांनी दिला."

"सहाजण भोळे निघाले, त्याला मी काय करू?"

तो हसला. हसताना त्याचा पोक गेला आणि तो एकदम वर्षा-दोन वर्षांनी लहान दिसू लागला. "खरं तर तुम्हीच बरोबर आहात," तो म्हणाला. "असंच विचारायचं असतं. माझं ओळखपत्र बघा, साहेबांना फोन करा, मग द्या."

तिने खरंच साहेबांना फोन केला. तो तोवर शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून उभा. मग तिने फोन दिला आणि मनात म्हणाली, बघू काय दिवे लावतोय.

लॅब गाठींच्या तपासणीची होती. कुणाच्या तरी शरीरातून काढलेला नखाएवढा तुकडा यायचा, मोठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, आणि ते जे पुटपुटायचे ते ती टाइप करायची. एका ओळीत कुणाचं आयुष्य सुटायचं, कुणाचं अडकायचं. मागच्या महिन्यात एका बाईचा रिपोर्ट तिच्याआधी तिच्या शेजारणीला कळला होता, आणि त्या बाईने लॅबमध्ये येऊन, कुणाला एक शब्द न बोलता, नुसतं रडून घेतलं होतं. तेव्हापासून कुलपांची गरज सगळ्यांना पटली होती.

"पिन टाका," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून भिंतीवरच्या लाल अग्निशामक नळकांड्याकडे बघत राहिला. नळकांड्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. तरी तो इतकं मन लावून वाचत होता की तिला हसू आलं. तिने नवा पिन टाकला आणि त्याच्या मानेकडे बघत बसली.

"झालं?" त्याने भिंतीला विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. झालं कधीच होतं.

तिथेच सुरू झालं म्हणायचं. निदान तिच्याकडून तरी.

त्याने तिला समजावलं ते असं. "तुमच्या नावाची शेकडो उघडी कुलपं आहेत असं समजा. ती सगळ्यांना वाटून टाकायची. ज्याला तुम्हाला काही पाठवायचंय, त्याने ते पेटीत घालायचं आणि तुमचं कुलूप दाबायचं. एकदा दाबलं की पाठवणाऱ्यालाही ते उघडता येत नाही. किल्ली एकच. ती तुमच्या फोनमध्ये."

"तुमच्याकडे नाही?"

"माझ्याकडे कशी असेल? ज्याची किल्ली त्याच्याकडे. नियमच आहे."

"आणि फोन हरवला तर?"

"दहा वेळा चुकीचा पिन पडला की फोन स्वतःला पुसून टाकेल. चोराला काही मिळणार नाही."

"दहा वेळा चुकायचं म्हणजे चोर फार चिकाटीचा हवा."

"चिकाटीच्या चोराचीच सोय आधी करायची असते," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तुमची किल्लीही जाईल ना त्यात. म्हणून तिची एक प्रत कार्डावर काढून घरी ठेवायची. दहा मिनिटांचं काम आहे. आत्ता घेऊ?"

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली. "उद्या घेऊ," ती म्हणाली.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याला तळघरातल्या त्याच्या खोलीतून तीन जिने चढून पुन्हा यावं लागलं. जिना चढून त्याला थोडी धाप लागली होती. तिने फोनची बॅटरी उतरल्याचं सांगितलं. बॅटरी ऐंशी टक्के होती. तिसऱ्या दिवशी कार्ड सापडेना. चौथ्या दिवशी तीन रिपोर्ट तातडीचे निघाले. प्रत घेऊन झाली असती तर तिच्या टेबलापाशी येण्याचं त्याला काही कारणच उरलं नसतं, हे तिला कळत होतं. त्यालाही कळत असावं, कारण इतरांवर तो प्रतीसाठी डाफरायचा आणि तिला मात्र म्हणायचा, "बरं, उद्या."

मेल सुरू झाले ते चाचणीचे म्हणून. पहिल्या मेलच्या विषयाच्या ओळीत होतं 'चाचणी १', आणि आत एकच वाक्य: पोचलं का?

तिने उलट लिहिलं: पोचलं. पण कुलूप लावण्यासारखं यात काय होतं?

'चाचणी २' आला: आज निळा रंग फार छान दिसत होता. आता आहे का कुलूप लावण्यासारखं?

तिने फोन पालथा ठेवला आणि पूर्ण पान चुकीचं टाइप केलं.

प्रत्यक्षात तो अडखळायचा, कानांनी बोलायचा. मेलमध्ये मात्र जीभ सुटायची. समोर 'तुम्ही', मेलमध्ये 'तू'. त्याने लिहिलं की तळघरात पंख्यांच्या आवाजात दिवसभर बसलं की माणसाचा आवाज ऐकायला जिना चढावासा वाटतो. तिने लिहिलं की वाईट रिपोर्ट टाइप करताना ती शेवटच्या ओळीला हळू होते, जणू आपण उशीर केला तर त्या माणसाला तेवढाच वेळ बरा जाईल. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यावर त्याने लिहिलं: आज चारनंतर तुझा वेग कमी झाला होता. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. कोण होतं?

विषयाच्या ओळीत तो 'चाचणी' आणि आकड्यापलीकडे काही लिहायचा नाही. "ती ओळ उघडीच जाते," त्याने बजावलं होतं. "पाकिटावरच्या पत्त्यासारखी. पोस्टमन वाचतो. तिथे मनातलं काही लिहायचं नाही."

"मग मनातलं तोंडाने कधी सांगणार?"

"तोंडाने..." कान पुन्हा लाल. "तोंडाने जमत नाही हो मला. लिहीन."

असे त्रेसष्ट मेल झाले. मग त्याच्या कंपनीचा लॅबमधला करार संपला आणि त्याला समुद्रापलीकडे कुठेतरी नवी नोकरी लागली. शुक्रवार शेवटचा. रविवारी दुपारी विमान.

शुक्रवारी त्याच्या निरोपाला सगळे चहाचे कप घेऊन उभे होते. साहेब भाषणासारखं काहीतरी बोलत होते. त्या गर्दीत तो तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आज तरी प्रत घेऊ."

आज प्रत घेतली म्हणजे संपलंच, असं तिला वाटलं. शिवाय चारचौघांत, चहाचा कप सावरत, ते शेवटचं दहा मिनिटांचं कारण खर्च करायला तिचं मन होईना. "ती मी घेतली कधीच," ती म्हणाली. "तुम्ही समजता तेवढी ढ नाही मी."

"घेतली? खरंच?" त्याच्या चेहऱ्यावर शाबासकी होती आणि थोडा हिरमोडही. मग तो कपात बघत म्हणाला, "माझा इथला मेलचा पत्ता सातला बंद होतो. त्याआधी लिहितो... सगळं लिहितो. नीट वाचा. उत्तर 'नाही' असेल तर काही कळवू नका. मी समजून घेईन."

"आणि 'हो' असेल तर?"

"तर काय करायचं ते आत लिहिलेलं असेल."

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या फोनवर ओळ उमटली: चाचणी ६४.

तिने मेल उघडला नाही.

हे वाचून कुणी कपाळाला हात लावेल, पण तिची लहानपणापासूनची सवयच तशी. ताटातला आवडीचा घास शेवटी. शुक्रवारी घरात वडील टीव्ही लावून बसले होते, आत्या स्वयंपाकघरातून हाका मारत होती. अशा कालव्यात ते वाचायचं? उद्या अर्धा दिवस ड्युटी. तीनला घरी यायचं, केस धुवायचे, गच्चीवर जायचं आणि मग. लॅबमध्ये मोह होऊ नये म्हणून शनिवारी सकाळी तिने फोन कपाटात साड्यांखाली ठेवला आणि गाणं गुणगुणत निघून गेली. हे गाणं आत्याने ऐकलं.

आत्याने तिला आईविना वाढवलं होतं. दोन महिने पोरगी फोनकडे बघून हसते, जेवताना हसते, हिशोब नको का लागायला? आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलगा बरा आहे की कुणी फसवतोय, एवढंच बघायचं होतं. तिने साड्यांखालून फोन काढला आणि घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा टाकायला सुरुवात केली. पोरीची. पोरीच्या वडिलांची. स्वतःची, जी कुणाच्या लक्षात नसते. फोन म्हणाला, पाच मिनिटं थांबा. आत्या थांबली. तेवढ्यात भाजी निवडली. फोन म्हणाला, पंधरा मिनिटं थांबा. आत्याने कुकर लावला. फोनने तासभर थांबायला सांगितलं, तेव्हा ती तासभरही थांबली, कारण जन्मभर ती थांबतच आली होती. दहाव्या वेळी तिने पोरीच्या आईची तारीख टाकली, ज्या दिवशी ती गेली ती.

पिन होता त्याने पहिल्यांदा 'फोन द्या' म्हटलं त्या दिवसाचा. तो आत्याला कुठून सुचणार?

तीन वाजता ती आली. केस धुतले, टॉवेल गुंडाळला, कपाट उघडलं. फोन तिला नमस्कार करत होता. कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर, एकामागून एक वेगवेगळ्या भाषांत, नव्या मालकाला करतात तसा.

"अगं, मी नुसता हात लावला," दारात उभी राहून आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काही महत्त्वाचं गेलं का गं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. ती आत्याकडे बघत राहिली. त्या हातांनी तिची वेणी घातली होती, ताप उतरवला होता.

"नाही आत्या," ती म्हणाली. "लॅबचेच रिपोर्ट होते."

तिने फोन पुन्हा सुरू केला. पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. मेल एकेक करून उतरले. चौसष्ट ओळी. त्रेसष्ट फिकट, वाचलेल्या. एक ठळक. तिने ठळक ओळीवर बोट ठेवलं. पडद्यावर आलं: हा संदेश उघडण्यासाठी लागणारी किल्ली या फोनवर नाही.

तिने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच. फोन बंद करून चालू केला. तेच. ओल्या केसांनी ती लॅबकडे धावली, तळघराला कुलूप होतं. साधं, लोखंडी.

त्याचा नंबर तिने कधी मागितला नव्हता. दोन आकडी इंटरकॉम पुरायचा, साहेबांकडेही तेवढाच होता. सगळं जग जिथे फोटो टाकतं तिथे तो कुठेच नव्हता, असल्या जागांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या जुन्या पत्त्यावर तिने बिनकुलपाचा मेल पाठवला: मी वाचू शकले नाही. मेल क्षणात परत आला, हा पत्ता अस्तित्वात नाही. तो कुठल्या बसने घरी जातो एवढंच तिला माहीत होतं. रविवारी सकाळी सातपासून ती त्या बसच्या शेवटच्या थांब्यावर उभी राहिली. बस यायची, माणसं उतरायची, बस वळायची. प्रत्येक उंच माणसाला तिने डोळ्यांनी थांबवलं. दुपारी वरून एक विमान गेलं, कुठलं ते तिला काय कळणार. तरी ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली, आणि मग तिथेच बाकावर बसून रडली.

सोमवारी त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाने फोन बघून मान हलवली. "प्रत असती तर दोन मिनिटांत उघडला असता, मॅडम." बैल गेला आणि झोपा केला, तो असा. ती त्याच्या जुन्या कंपनीतही गेली. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ते आता इथे नाहीत. आणि सोडून गेलेल्यांची माहिती आम्ही देत नाही. त्यांनीच तर हा नियम करून घेतला."

त्यानंतर तिला जगणं म्हणजे रोज तीच ओळ बघणं झालं. मेलचा आकार बाजूला लिहून यायचा. बाकीचे दोन केबी, तीन केबी. हा चौदा. निरोप घ्यायला एवढी जागा लागत नाही, हे तिला समजत होतं, आणि हे समजणं सगळ्यांत वाईट होतं. तिकडे तो काय समजला असेल? कळवलं नाही म्हणजे नाही. त्याने समजून घेतलं असेल, म्हटल्याप्रमाणे, शहाण्यासारखं. त्याच्यालेखी तिने चौदा केबी वाचले होते आणि गप्प बसली होती. या विचाराने ती टाइप करता करता थांबायची. मग सगळ्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीला तिचा वेग कमी होऊ लागला, चांगल्यासुद्धा.

स्थळं आली, ती नाकारत गेली. एकाचं नाक, एकाची नोकरी, एकाचं काहीच नाही म्हणून. आत्याने हात टेकले. तिला बहुधा कळलं होतं. तिने पुन्हा कुणाच्या फोनला हात लावला नाही, वाजला तरी.

चार वर्षं गेली. लॅबने सगळी मेलव्यवस्था बदलायची ठरवली आणि बाहेरून दोन दिवसांसाठी एक तज्ज्ञ बोलावला.

"फोन द्या."

या वेळी तिची बोटं थांबली. पोक तसाच होता. कानांजवळ केस पिकले होते. कान मात्र लाल झाले नव्हते, पांढरे पडले होते.

"आणि पर्स?" ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही.

तो हसायला गेला आणि ते तसंच राहून गेलं. खुर्ची ओढून बसला. "कशा आहात?"

"बरी. तुम्ही?"

"बरा. मुलगी झाली. दीड वर्षाची आहे."

"छान," ती म्हणाली. "बोलते?"

"बडबडते. आईवर गेलीय."

तिने फोन पुढे सरकवला. त्याने वायर जोडली. जुने मेल नव्या जागी जाऊ लागले, आकडा वाढत गेला, आणि शेवटी थांबला. न उघडणारे संदेश: चौसष्ट. त्याने यादी उघडली. त्रेसष्ट फिकट ओळी, आणि एक ठळक.

तो तज्ज्ञ होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तरी तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला, आकडा चुकला असेल अशा आशेने बघतात तसा.

"फोन पुसला गेला," ती म्हणाली. "त्याच शनिवारी. वाचायच्या आधी."

"पण प्रत..."

"घेतली नव्हती."

"तुम्ही म्हणाला होतात, घेतली."

"प्रत झाली असती तर तुम्ही वर कशाला आला असता?"

टेबलावरच्या त्याच्या हाताची मूठ झाली. "मी आलोच असतो," तो म्हणाला. मग अगदी हळू, "मी अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत विमानतळाच्या दारात उभा होतो."

"मी तुमच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर होते. सकाळी सातपासून."

पलीकडे कुणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की विचारलं तर उत्तर मिळेल, एका हाताच्या अंतरावर बसलंय ते.

"काय लिहिलं होतं?"

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याचा फोन थरथरला, आणि पडद्यावर एक गोबरी पोर डोळ्यांवर हात ठेवून लपली होती. त्याने फोन बंद केला नाही, घेतलाही नाही. दोघांनी तो थांबेपर्यंत त्या पोरीकडे पाहिलं.

"तुला..." तो म्हणाला. समोरासमोर पहिल्यांदाच. आणि पुढे त्याला बोलता येईना.

तिने त्याची सुटका केली. आता तेवढंच तिच्या हातात होतं. "एकदा दाबलं की पाठवणाऱ्यालाही उघडता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

त्याने मान हलवली. खाली बघून.

"चला," ती म्हणाली, "या वेळी प्रत घेऊन टाकू."

तिने ड्रॉवरमधून कार्ड काढलं. पहिल्याच फटक्यात सापडलं. बॅटरी पूर्ण होती. रिपोर्ट एकही तातडीचा नव्हता.

"पिन टाका," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बघत उभा राहिला. तिने पिन टाकला. तोच, जुना.

"झालं," ती म्हणाली.

तो वळला नाही. त्याचे खांदे एकदा हलले, मग स्थिर झाले. ती त्याच्या मानेकडे बघत राहिली आणि तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली.

मग त्याने कार्ड काढून, कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "नीट ठेवा."

"ठेवते."

यादीवर तिच्या नावापुढे त्याने खूण केली आणि पुढच्या टेबलाकडे गेला. तिथल्या नव्या मुलीला म्हणाला, "फोन द्या." तिने लगेच दिला.

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांचं काम म्हणायचा तो. नऊच लागली होती.